चक्कर, संधिवात आणि बांधावरचा तोल



मिरचीचा तिसरा तोडा चालू आहे. थ्रिप्सवर काय मारलं, दोंडाईच्याच्या मार्केटला भाव काय निघाला, असे बरेच मेसेज पडलेत. ते सगळं पुढच्या नोंदीत. आजची नोंद मायबद्दल आहे, आणि हातापायाची बोटं आखडलेली असताना रोज वावरात जाणाऱ्या तिच्यासारख्या बायांबद्दल. विषय दवाखान्याचा वाटेल, पण आहे शेतीचाच. कारण तोल जाऊन माणूस पडतं ते बांधावर, विहिरीच्या काठावर नाहीतर ठिबकच्या नळीत पाय अडकून.

मायला १२ वर्षांपासून संधिवात आहे. संधिवात म्हटलं की लोक म्हणतात, "वय झालं, गुडघे झिजले." तो वेगळा. झिजेचा वात वापराने येतो. मायचा वात म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड म्हणतात आणि आपले वैद्य आमवात म्हणतात तो. यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटते आणि सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. सुरुवात बहुतेक हातापायाच्या लहान सांध्यांपासून होते, दोन्ही बाजूंना सारखी. सकाळी उठल्यावर बोटं तासभर, कधी त्याहून जास्त वेळ वळत नाहीत. कळण्याची भाकरी थापायला माय आता सकाळी नऊनंतरच बसते. त्याआधी हात उघडतच नाही.

हे दुखणं फार दुर्मीळ आहे असंही नाही. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात भिगवण गाव आहे, उजनीच्या पाण्याकाठी. तिथे १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' नावाच्या कार्यक्रमातली ती पाहणी. तिथे साधारण दोनशे मोठ्या माणसांमागे एकाला हा रुमॅटॉइड निघाला. हाच हिशोब लावला तर तीन हजार मतदारांच्या गावात पंधरा माणसं झाली. त्यात बाया जास्त, कारण हे दुखणं पुरुषांपेक्षा बायांना दुप्पट-तिपटीने होतं. तुमच्या गावातल्या मिरची तोडणाऱ्या टोळीत एखादी तरी असणारच.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी पोळ्यानंतर माय म्हणायला लागली, "माले चक्कर येस." तालुक्याला एका ठिकाणी दाखवलं. अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लागली, लाल गोळ्या मिळाल्या. दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. मग धुळ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाडी बघायच्या आधी एकच विचारलं, "मावशी, चक्कर म्हणजे नेमकं काय होतं? तुमच्या शब्दात सांगा."

माय म्हणाली, "नही रे भो, डोकं नही फिरस. जमीन हालस."

डॉक्टर म्हणाले, अर्धं निदान इथेच झालं.

मंडळी, आपल्या बोलीत यासाठी किती शब्द आहेत बघा. उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते ती घेरी. हिच्यात बहुतेक बीपी, रक्त, साखर बघावी लागते. घर गोल फिरल्यासारखं होतं ते गरगरणं, त्याचा संबंध बहुतेक कानाशी. आणि डोकं अगदी शांत, पण चालताना पाय नीट पडत नाही, माणूस एका अंगाला जातं, ते तोल जाणं. हे सगळे शब्द आपण घरात वापरतो आणि दवाखान्यात गेलो की एकच सांगतो, चक्कर. मग समोरचा पण चक्करची एकच गोळी लिहून देतो. पेशंटने घरातला शब्द तसाच दवाखान्यात सांगितला तर डॉक्टरचं काम सोपं होतं.

तोल कसा राहतो हे डॉक्टरांनी समजावलं ते मला शेतीच्या भाषेत असं समजलं. तोल तीन गोष्टींवर उभा असतो. एक डोळे. दुसरं, पायाचे तळवे, घोटे, गुडघे, मान यांच्याकडून मेंदूला जाणारी खबर, की जमीन कशी आहे, पाय कुठे आहे. तिसरं, कानाच्या आतल्या भागातलं यंत्र. तिन्हीपैकी एक कमी पडलं तरी बाकीचे दोन सांभाळून घेतात. दोन गेले की माणूस पडू शकतं.

आता आपली रात्रीची लाईट आठवा. आठवडाभर रात्रीची पाळी असली की बारा वाजता मोटर चालू करायला जायचं. अंधारात डोळे गेले. भिजवलेल्या, भुसभुशीत वावरात पायाला खाली काय आहे ते कळत नाही, म्हणजे पाय गेले. उरतो फक्त कान. धडधाकट माणसाचा कान हे निभावतो. ज्याचे घोटे आणि पायाची बोटं वाताने वाकडी झालीत, पाय मुळातच कच्चे आहेत, आणि त्यात कानही कमी पडतोय, त्याच्यासाठी रात्रीचं पाणी भरणं म्हणजे पडणं ठरलेलंच. दिवसा वीज द्या ही मागणी आपण साप-विंचवासाठी करतो. हे कारणही त्यात धरा.

कानाच्या आत नेमकं काय असतं? गवंडी बांधकामाला पाणसळ लावतो, तसंच काहीसं. प्रत्येक कानात तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, एकमेकींना काटकोनात. त्यात पातळ द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते आणि द्रव जरा मागे राहतो. त्या ओढीने आतला मऊ पडदा वाकतो आणि त्याच्या केसाळ पेशी मेंदूला कळवतात, डोकं इतकं वळलं. नळ्यांच्या बुडाशी दोन लहान पिशव्या असतात. त्यांच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्या जातीचे, बारीक कण एका चिकट थरावर बसलेले असतात. वर-खाली, पुढे-मागे झुकलेलं त्यांच्यावरून कळतं. डावा आणि उजवा कान मिळून बैलजोडीसारखं काम करतात. एक बैल ढिला पडला की औत एका अंगाला जातं, तसं माणूस जातं.

या यंत्राची तपासणी पाण्याने करता येते हे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी या डॉक्टरने शोधलं. कान धुताना पाणी फार थंड किंवा गरम असलं तर पेशंटला गरगरतं आणि डोळ्यांची बुबुळं झटके घेतात, अंगाइतकं कोमट असलं तर तसं होत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तापमानाच्या फरकाने नळीतला द्रव हलतो. या कामासाठी त्याला १९१४ चं नोबेल मिळालं, आणि बातमी आली तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. विहिरीत उडी मारल्यावर एका कानात गार पाणी गेलं की क्षणभर गरगरतं ना, ते हेच. मायची हीच तपासणी झाली, दोन्ही कानात गार आणि कोमट घालून. डाव्या कानाची प्रतिक्रिया उजव्यापेक्षा बरीच कमी निघाली.

मग मी विचारलं, "साहेब, वाताचा आणि कानाचा काय संबंध? कानात कुठे सांधा आहे?"

आहे. पडद्यामागे तीन हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब, शरीरातली सगळ्यात लहान हाडं. त्यांच्यामधले सांधे बोटाच्या सांध्यासारखेच अस्तराचे असतात. पण ते ऐकण्याच्या कामाचे. तोलाचं यंत्र त्याच्याही आत आहे आणि तिथे सांधा नाही. तिथला धोका रक्ताचा. आतल्या कानाला रक्त नेणारी धमनी एकच, तीही केसासारखी, आणि तिला दुसरी पर्यायी वाट नाही. एकाच पाटावर भिजणाऱ्या वावरासारखं. रुमॅटॉइडमध्ये सूज फक्त सांध्यात राहत नाही. डोळे, फुप्फुसं, नसा, रक्तवाहिन्या यांनाही ती लागू शकते. या वाताच्या पेशंटमध्ये कमी ऐकू येण्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त सापडतं. तोलाच्या तपासण्याही वेगवेगळ्या देशांत लहान लहान गटांवर झाल्यात. त्यात काही पेशंटचा कान कमी प्रतिसाद देताना आढळला, कधी पेशंटची काही तक्रार नसतानासुद्धा. सगळ्यांना होतं असं नाही. पण वाताच्या पेशंटने चक्कर सांगितली तर 'अशक्तपणा' म्हणून सोडून द्यायची नाही, एवढं यातून नक्की निघतं.

यापुढचं जरा नीट वाचा. या नोंदीतलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

डॉक्टरांनी मायला आडवं करून डोकं वळवायची तपासणी लगेच केली नाही. आधी मानेचा एक्स-रे काढायला लावला, एक मान पुढे वाकवून आणि एक मागे करून, तोही त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळू. कारण रुमॅटॉइड मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्येही शिरतो. तिथे एक पट्टा मणक्याला जागेवर धरून ठेवतो. सूज वर्षानुवर्षं राहिली की तो ढिला होतो आणि मणका सरकतो. मागे लगेच मज्जारज्जू आहे. अशा मानेला झटका बसला तर हातपाय जाऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

आता आपल्याकडे काय चालतं ते बघा. दाढी झाली की मान कडकन मोडून घ्यायची. चोळणारी बाई येते, ती मान ओढते. आणि हल्ली मोबाईलवर चक्कर घालवायचे व्हिडिओ असतात, डोकं असं फिरवा, तसं झटकन आडवे व्हा. तो उपाय खोटा नाही. पिशवीतले चुनखडीचे कण सुटून नळीत शिरले की कुशीवर वळताना किंवा वर बघताना काही सेकंद जोरात गरगरतं, आणि डोकं ठराविक पद्धतीने वळवून ते कण परत जागेवर आणता येतात. अमेरिकेतल्या जॉन एपली यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि पुष्कळांना एक-दोन वेळात गुण येतो. पण रुमॅटॉइडच्या माणसाने तो घरी करायचा नाही. आधी मान तपासून घ्यायची, आणि तपासणाऱ्याला पहिल्या वाक्यातच सांगायचं, मला इतक्या वर्षांचा संधिवात आहे. मान कच्ची असली तर तीच तपासणी मान न ताणता कुशीवर झोपवून करता येते. मानेच्या मागे डोक्याच्या बुडाशी दुखणं, मान वाकवली की हातात झिणझिण्या, पाय जड पडणं, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही असलं तर थांबायचं नाही.

मायची मान सध्या ठीक निघाली. कण सुटलेले नव्हते, डावा कानच कमी होता. औषध म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या आणि बाकी सगळा व्यायाम. चक्कर दाबणाऱ्या काही गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूला नवा हिशोब शिकायला वेळ लागतो, म्हणून त्या थोडेच दिवस. व्यायाम साधे आहेत. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, नजर त्यावर ठेवायची आणि डोकं थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायचं. भिंतीला हात लावून पावलापुढे पाऊल ठेवत चालायचं. घडी घातलेल्या गोधडीवर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून, आणि शेजारी माणूस उभा. मायला किती हलवायचं हे त्यांनी मान बघून ठरवून दिलं, दुसऱ्याचं बघून करू नका. अक्षर लावायचं तर नातवाने 'मि' लिहून चिकटवला, मिरचीचा. सुरुवातीला मळमळायचं. दोन महिन्यांनी जमीन हलायची थांबली, पूर्ण नाही पण पुष्कळ.

चक्कर कानाचीच असते असं मात्र धरू नका. या वातात रक्त कमी होणं नेहमीचं आहे. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जातं. शौच डांबरासारखं काळं झालं आणि घेरी येतेय तर त्याच दिवशी दवाखाना. स्टेरॉइडने साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात, म्हणजे पडल्यावर मोडायचा धोकाही जास्त. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर ठरल्याप्रमाणे डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा, कान वाजायला किंवा कमी ऐकू यायला लागले तर तेही सांगायचं. मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली गेली तर जीवावर बेतते. आमच्याकडे ती गुरुवारी, आणि कॅलेंडरवर खूण. तिच्यासोबतची फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी. एक सांगण्यासारखं, भीमावरमला जन्मलेले आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तिथूनच फॉलिक ॲसिड तयार करण्याचं कामही पुढे आलं आणि मेथोट्रेक्सेटही. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. सूज आटोक्यात ठेवणं हीच मानेची आणि बाकी सगळ्याची राखण आहे.

फवारणीच्या दिवशी चक्कर, घाम, लाळ, बुबुळं बारीक, असं झालं तर ती विषबाधा. डबा सोबत घेऊन सरळ दवाखान्यात. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, एकाचे दोन दिसायला लागले तर तो पक्षाघात असू शकतो, तिथे मिनिटं मोजायची. आणि एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर 'मळ असेल' म्हणून आठवडा घालवू नका. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान, हाडं आणि मेडिसिन हे विभाग एकाच आवारात आहेत. खाजगी परवडत नसेल त्यांनी तिथला रस्ता धरावा.

आता वावरात आम्ही काय बदललं ते लिहितो. याच्यासाठीच खरं तर ही नोंद.

पहिलं, मायच्या डोक्यावरचं ओझं बंद. चाऱ्याचा भारा, मिरचीचं टोपलं, पाण्याची घागर, काहीच नाही. ओझं मानेवर बसतं, आणि भारा डोळ्यावर आला की पायाखालचं दिसत नाही. मिरची आता कॅरेटमध्ये, कॅरेट हातगाडीवर. दुसरं, विहिरीला कठडा. सिमेंट, विटा घरच्याच उरलेल्या होत्या, मजुरी तेवढी लागली. शेततळ्याची पन्नी ओली असली की धडधाकट पोरगंही वर येऊ शकत नाही, म्हणून चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडले आणि तारेचं कुंपण केलं. तिसरं, घरापासून गोठ्यापर्यंत आणि मोटरीपर्यंत बांध दोन फूट रुंद करून दाबून घेतला. ठिबकच्या नळ्या जिथे वाट ओलांडतात तिथे त्या मातीत गाडल्या. मल्चिंगच्या कागदावर पाय द्यायचा नाही, सरीतच. चौथं, रात्री मायने उठायचं असेल तर खाटेजवळ छोटा दिवा कायम चालू, आणि न्हाणीत धरायला पाइप. पाचवं, चपला. सैल स्लीपर गेल्या. मागून पट्टा असलेल्या, पातळ पण घट्ट तळाच्या घेतल्या. जाड मऊ तळाने जमीन कळत नाही.

यातलं माय सगळं मानली, एक सोडून. काठी. "काठी लिसनी फिराले मी काय म्हतारी व्हई गऊ का?" मी वाद घातला नाही. खुरप्याला लांब दांडा बसवून दिला. आता ती दांडा टेकत चालते आणि वाटेत गवत दिसलं तर काढते. काठी म्हणायची नाही एवढंच.

माणसं मला सांगतात, आता तिला घरी बसव, पथारीवर देठ खुडायला बसव, कशाला वावरात नेतोस. बसवता येईल. पण बसून राहिलं की सांधे अजून आखडतात, पाय अजून कच्चे होतात, आणि कमी चालणारं माणूस जास्त पडतं. डॉक्टरांनीही चालणं थांबवू नका असंच सांगितलं. दुसरं म्हणजे या वावरातलं कोणतं झाड आधी मर पकडतं, कोणत्या सरीत पाणी तुंबतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती गेली चाळीस वर्षं इथे चालते आहे. तिची वाट सरळ करणं माझ्या हातात होतं, ते केलं. सध्या ती रोज सकाळी दहा ते बारा, दोन सऱ्या तोडते. मजुराच्या निम्म्याहून कमी होतात. चालेल.

तुमच्या घरी, शेजारी, टोळीत बोटं वाकडी झालेली कोणी बाई असेल तर आज संध्याकाळी तिला तीन गोष्टी विचारा. चालताना जमीन हलते का? अंधारात भिंत धरावी लागते का? गेल्या सहा महिन्यांत पडलीस का? एकाचंही उत्तर हो आलं तर तिला दवाखान्यात पाठवा, आणि जाताना तिचे संधिवाताचे जुने कागद सोबत द्या. मान मोडून देणाऱ्याकडे मात्र जाऊ देऊ नका.

कठड्याला किती विटा लागल्या, दोर कसे बांधले, कुणाला हवं असेल तर कमेंटमध्ये विचारा, फोटो टाकतो. थ्रिप्सची नोंद तोडा आटोपला की रविवारी.

राम राम.